नियम आणि मर्जी

स्मरणिका समितीचे पत्र आले, तेव्हा त्यात छापील मजकुराखाली एक ओळ हाताने लिहिलेली होती : ‘आपल्या व्यवसायाविषयी लिहावे, मुलांना मार्गदर्शन होईल.’ ती ओळ वाचून मी पत्र दोन आठवडे टेबलाच्या खणात ठेवून दिले. माझ्या तुकडीतले कोणी प्राध्यापक आहेत, कोणी तहसील कार्यालयात आहेत, एक जण ग्रामीण रुग्णालयात शल्यचिकित्सक आहे. त्यांच्या व्यवसायांना नाव आहे. मी शेअर बाजारात समभागांची खरेदी-विक्री करून उपजीविका करतो. आई शेजाऱ्यांना सांगते, “तो कॉम्प्युटरवर काम करतो.” ते खोटे नाही, परंतु पुरते खरेही नाही.

पत्राला उत्तर द्यावे असे वाटले ते एका दूरध्वनीमुळे. आपल्याच शाळेचा, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान असलेला एक माजी विद्यार्थी रात्री अकराच्या सुमारास बोलला. “जय भीम, दादा,” एवढे म्हणून तो बराच वेळ गप्प राहिला. तो शिक्षक आहे. पतसंस्थेचे कर्ज काढून त्याने ऑप्शनचे व्यवहार केले होते आणि तीन महिन्यांत तीन लाख रुपये घालवले होते. घरी अजून कोणाला ठाऊक नव्हते. त्याला माझ्याकडून एक खात्रीची टीप हवी होती. एकदा मुद्दल निघाले की पुन्हा या वाटेला जाणार नाही, असे तो म्हणत होता. शेवटी म्हणाला, “तुमचं त्या मेळाव्यातलं भाषण ऐकूनच मी सुरुवात केली होती, दादा.”

ते भाषण मला चांगले आठवते. डिसेंबर २०२२ मधील माजी विद्यार्थी मेळाव्यात मी व्यासपीठावरून वीस मिनिटे बोललो. त्या वर्षी मला नफा झाला होता. नफ्याविषयी मी बोललो. २०१८ विषयी एक शब्दही काढला नाही. टाळ्या पडल्या. हा लेख म्हणजे त्या भाषणाचा राहून गेलेला भाग आहे.

प्रथम आकडे सांगतो, कारण मेळाव्यात ते सांगायला हवे होते असे त्यांचे स्वरूप आहे. सेबी या बाजार-नियंत्रक संस्थेने सप्टेंबर २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स व ऑप्शन्सचे व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के व्यक्तींना तोटा झाला. तोटा सोसणाऱ्यांचा सरासरी तोटा, व्यवहारखर्च धरून, सुमारे २ लाख रुपये होता. सर्वांचा मिळून तो १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक भरला. खर्च वजा जाता एक लाखापेक्षा जास्त नफा मिळवणारे अवघे १ टक्का निघाले. ऑप्शन नकोत, साधे समभाग घेऊन त्याच दिवशी विकू, असे म्हणणाऱ्यांची स्थितीही फार निराळी नाही. सेबीच्याच जुलै २०२४ मधील अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये असे व्यवहार करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सातांना तोटा झाला होता.

सप्टेंबरच्या त्या अभ्यासात आणखी एक नोंद आहे. २०२३-२४ मध्ये परदेशी गुंतवणूक संस्थांनी या व्यवहारांत जो नफा मिळवला, त्यातील ९७ टक्के नफा संगणकाला आधीच दिलेल्या नियमांनी केलेल्या व्यवहारांतून आला. स्वतःच्या खात्यावर व्यवहार करणाऱ्या दलाली पेढ्यांच्या बाबतीत हे प्रमाण ९६ टक्के होते. म्हणजे आपला शिक्षक बंधू मधल्या सुटीत मोबाइलवर अंदाज बांधत होता, तेव्हा समोरच्या बाजूला बहुधा भूक, भीती, कर्ज यांपैकी काहीही नसलेले एक यंत्र बसलेले होते. माझ्या लेखाचा विषय येथूनच सुरू होतो.

समभागांचे व्यवहार करण्याच्या ढोबळमानाने दोन रीती आहेत. पहिली यांत्रिक. कधी घ्यायचे, किती घ्यायचे, कधी विकायचे हे सारे आधी लिहून ठेवायचे आणि बाजार चालू असताना त्यात अक्षराचाही बदल करायचा नाही. दुसरी रीत म्हणजे त्या-त्या वेळी परिस्थिती पाहून, बातम्या वाचून, अनुभवाच्या जोरावर निर्णय घ्यायचा. पुस्तकी मराठीत हिला ‘विवेकाधीन’ म्हणतात. या शब्दाकडे मी पुन्हा येणार आहे.

या दोन रीतींचा वाद जुना आहे. शिकागोमधील रिचर्ड डेनिस आणि विल्यम एकहार्ट हे दोन व्यापारी-मित्र १९८३ च्या सुमारास अशाच एका वादात पडले. डेनिस यांचे म्हणणे, हा व्यवसाय शिकवता येतो; एकहार्ट यांचे म्हणणे, ती उपजत जाण असते. पडताळा पाहण्यासाठी त्यांनी वृत्तपत्रांत जाहिरात देऊन माणसे निवडली, त्यांना दोन आठवडे नियम शिकवले आणि व्यवहारासाठी पैसे दिले. या शिष्यांना ‘टर्टल्स’, म्हणजे कासवे, असे नाव पडले. नियम साधे होते. उदाहरणार्थ, भाव मागील ५५ दिवसांतील सर्वांत वरच्या पातळीच्या पुढे गेला की खरेदी. मागील २० दिवसांतील सर्वांत खालच्या पातळीच्या खाली आला की विक्री. त्याखेरीज भावाच्या चढउताराच्या प्रमाणात मालाचे प्रमाण ठरे, आणि खरेदीनंतर भाव ठरावीक अंतर खाली आला की तोटा मान्य करून बाहेर पडावे लागे. यातील अनेकांनी मोठा नफा मिळवला. वाद डेनिस यांनी जिंकला असे म्हणतात. मला मात्र या हकिगतीतील दुसरीच गोष्ट अधिक मोलाची वाटते. नियम सर्वांना एकच दिले होते, तरी निकाल सर्वांचे सारखे आले नाहीत. नियम ठाऊक असणे आणि नियम पाळणे यांत अंतर होते. हे अंतर किती असते, ते मी स्वतःच्या आणि बाबांच्या पैशांनी मोजले आहे.

मी पुण्यातील एका खाजगी कंपनीत हिशेबनीस होतो. २०१७ हे वर्ष बाजारात तेजीचे होते. जे घ्यावे ते वर जात होते, आणि ते माझ्या बुद्धीमुळे वर जाते अशी माझी समजूत झाली. मी नोकरी सोडली. माझे सहा लाख होते. बाबा एस.टी. आगारात मेकॅनिक होते. निवृत्तीनंतर मिळालेल्या रकमेतले चार लाख त्यांनी मला दिले. मागितले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “लागतील तेव्हा परत मिळतील ना?” मी हो म्हणालो.

मुळातली चूक येथेच होती, आणि ती कोणत्याही रीतीची नव्हती, अंकगणिताची होती. हिशेबनीस असूनही मी तो हिशेब केला नव्हता. घरखर्चाला महिना पंचवीस हजार लागत, म्हणजे वर्षाला तीन लाख. दहा लाखांच्या भांडवलावर वर्षाला तीस टक्के नफा, तोही न चुकता दर वर्षी, मिळाला तरच भांडवल जागच्या जागी राहणार होते. असा नफा सलग मिळवणारे जगात बोटांवर मोजण्याइतके असतील. पहिल्या वर्षी घर चालले ते माझ्या सहचारिणीच्या परिचारिकेच्या पगारावर. मी मात्र ‘शेअरवर घर चालवतो’ असे सांगत होतो.

२०१८ मध्ये छोट्या कंपन्यांचे समभाग जोराने घसरू लागले. त्याआधी मी एका छोट्या कंपनीचे ८०० समभाग ३१० रुपयांनी घेतले होते. घेतानाच वहीत लिहिले होते : २७५ च्या खाली आल्यास विकणे. भाव २७४ झाला. तेव्हा विकले असते तर तोटा सुमारे एकोणतीस हजारांचा होता. मी विकले नाही. तिमाही निकाल चांगले होते, मालकाची मुलाखत आश्वासक होती, सगळाच बाजार पडला होता, मग या कंपनीचा काय दोष? मी २७५ खोडून २५० लिहिले. भाव २४० झाला, तेव्हा ‘स्वस्त मिळत आहे’ म्हणून आणखी १,२०० घेतले. बाबांचे पैसे त्यात गेले. अखेरीस सर्व २,००० समभाग मी ११८ रुपयांनी विकले. एका व्यवहारात तीन लाख गेले. त्या वर्षातले इतर व्यवहारही थोड्याफार फरकाने असेच झाले होते. वर्षाअखेरीस दहा लाखांचे पाच लाख चाळीस हजार उरले.

प्रत्येक पायरीवर माझ्याजवळ कारण होते, आणि ते मूर्खपणाचे वाटत नव्हते. म्हणूनच ‘विवेकाधीन’ हा शब्द मला खटकतो. काही अनुभवी व्यापाऱ्यांच्या ठायी तो विवेक असेलही. वीस-पंचवीस वर्षे बाजार पाहिलेली अशी माणसे आहेत, हे मी नाकारत नाही. परंतु माझ्या बाबतीत तो विवेक नव्हता. ती मर्जी होती. विवेक अगोदर कारण पाहतो आणि मग ठरवतो. मर्जी अगोदर ठरवते आणि मग कारण शोधते. दोघींचे शब्द तेच असतात, म्हणून बाजार चालू असताना आतल्या आत त्या ओळखू येत नाहीत.

गावी जाऊन मी बाबांना सांगितले. ते ओसरीवर बसून स्टोव्हचा पंप दुरुस्त करत होते. ऐकून त्यांनी विचारले, “घेताना उतरायचं ठिकाण ठरवलं नव्हतंस का?”

“ठरवलं होतं.”

“मग?”

“बदललं.”

ते पुढे काही बोलले नाहीत. पंप जोडला, पेटवून पाहिला, आणि आत जाऊन झोपले. रागावले असते तर बरे झाले असते, असे मला वाटत राहिले.

२०१९ च्या आरंभी मी दोन गोष्टी केल्या. चार दुकानांचे जीएसटीचे हिशेब लिहिण्याचे काम घेतले, जेणेकरून घरखर्चासाठी बाजाराकडे हात पसरावा लागणार नाही. आणि व्यवहाराचे नियम एका पानावर लिहून काढले. खरेदी-विक्रीसाठी वर सांगितलेला ५५ आणि २० दिवसांचा नियम घेतला. फक्त मोठ्या कंपन्यांचे समभाग, रोखीने, उधारीविना. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, एका व्यवहारात भांडवलाच्या एक टक्क्यापेक्षा अधिक जोखीम नाही. हा शेवटचा नियम नवख्यांना समजत नाही, म्हणून उदाहरण देतो. भांडवल ५,४०,००० असेल तर एक टक्का म्हणजे ५,४०० रुपये. समभाग ४०० रुपयांचा आहे आणि ३६४ ला बाहेर पडायचे आहे. म्हणजे प्रत्येक समभागामागे ३६ रुपयांचा धोका. ५,४०० ला ३६ ने भागले की १५० येतात. तेवढेच समभाग घ्यायचे. किती मिळतील याचा या गणितात उल्लेखच नाही. किती गेले तर चालतील, एवढेच त्यात आहे. कारण तोट्याचे गणित सरळ नसते. भांडवल वीस टक्क्यांनी घटले तर पूर्ववत होण्यास पंचवीस टक्के नफा लागतो. निम्मे झाले तर शंभर टक्के. मला, दहा लाखांवर परत यायचे तर, पंच्याऐंशी टक्के लागणार होते.

नियम लिहिल्यावर सर्व सुरळीत झाले असे सांगितले तर मेळाव्यातल्या भाषणाचीच पुनरावृत्ती होईल. पहिल्या अकरा व्यवहारांपैकी नऊ तोट्याचे झाले. तोटे लहान होते, पण नऊ होते. अशा पद्धतीत निम्म्याहून अधिक व्यवहार तोट्याचे असणे नेहमीचेच. थोड्या मोठ्या नफ्यांवर सारा डोलारा उभा असतो. हे मला पाठ होते. तरीही बाराव्या वेळी नियमाने ‘घे’ म्हटले तेव्हा माझा हात उठला नाही. तो समभाग चार महिन्यांत सत्तर टक्के वर गेला. नऊ तोट्यांपैकी बहुतेक त्या एकाने भरून निघाले असते. तेव्हा ध्यानात आले की मर्जी केवळ हावेचे रूप घेत नाही; भीतीचेही घेते.

जानेवारी २०२० पासून मी वहीत दोन रकाने आखले. डावीकडे, नियमाप्रमाणे वागलो असतो तर काय झाले असते. उजवीकडे, प्रत्यक्षात मी काय केले. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या धास्तीने बाजार कोसळला. २३ मार्चला तर निफ्टी एका दिवसात १२ टक्क्यांहून अधिक घसरला. नियमाने मला फेब्रुवारीच्या अखेरीसच बाहेर काढले होते. मी कोणतेही भविष्य ओळखले नव्हते. वीस दिवसांची खालची पातळी तुटली, म्हणून विकले होते. पुढे एप्रिलमध्ये औषध कंपन्यांचे समभाग वर निघाले आणि नियम ‘घे’ म्हणू लागला. रस्ते ओस, माणसे पायी गावाकडे निघालेली, माझी सहचारिणी रुग्णालयातून रात्री परतून अंगणातच कपडे उतरवून ठेवणारी. अशा दिवसांत खरेदी करणे मनाला निर्दयपणाचेही वाटत होते आणि वेडेपणाचेही. मी नियमाने सांगितले त्याच्या निम्मे घेतले. डाव्या रकान्यात त्या महिन्यांचा नफा उजव्यापेक्षा पुष्कळ मोठा आहे.

तीन वर्षांनी मी हिशेब मांडला. अडतीस वेळा मी नियम मोडला होता. अकरा वेळा मोडल्याने फायदा झाला, सत्तावीस वेळा तोटा. एकंदर दोन लाख दहा हजार रुपये मी माझ्या मर्जीला दिले होते. परंतु या अडतीसांचे दोन गट केल्यावर एक निराळी गोष्ट दिसली. नियमापेक्षा कमी घेणे, लवकर निघणे अशी धोका घटवणारी मोडतोड सतरा वेळा झाली होती. त्यात नऊ वेळा फायदा आणि आठ वेळा तोटा. नियमापेक्षा अधिक घेणे, निघायचे ठिकाण खाली सरकवणे, संकेत नसताना घेणे अशी धोका वाढवणारी मोडतोड एकवीस वेळा. त्यात फायदा दोनदा, तोटा एकोणीस वेळा.

ही वही मी बाबांना दाखवली. चष्मा पुसून त्यांनी ती बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, “आमच्याकडंही तपासणीचा तक्ता होता. ब्रेक, तेल, नट, टायर, एकेक खूण करायची, मगच गाडी बाहेर. आता तीस वर्षं काम केल्यावर कानाला कळतं. आवाज बरा नाही म्हणून तक्त्यात सगळं ठीक असतानाही मी गाडी आत घेतली असेल. पण आवाज चांगला येतो, म्हणून तपासणीवाचून गाडी कधी बाहेर सोडली नाही.”

या व्यवसायाविषयी मी पुष्कळ इंग्रजी पुस्तके वाचली आहेत. नियम आणि अनुभव यांचे नाते इतक्या थोडक्यात मला कोणी सांगितले नव्हते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल मील यांनी १९५४ मध्ये या प्रश्नाचा शास्त्रीय विचार मांडला होता. रुग्ण बरा होईल का, विद्यार्थी उत्तीर्ण होईल का, असे अंदाज तज्ज्ञाने करावेत की साध्या सूत्राने, यांची तुलना करणारे सुमारे वीस अभ्यास त्यांनी तपासले. जवळजवळ सर्वत्र सूत्र तज्ज्ञाइतके किंवा त्याहून सरस ठरले. परंतु मील यांनी एक अपवादही सांगितला. एखादा गृहस्थ अमुक दिवशी न चुकता सिनेमाला जातो, असे सूत्र सांगते. पण आज त्याचा पाय मोडला आहे हे आपल्याला कळले, तर सूत्र बाजूला ठेवलेच पाहिजे. अडचण एवढीच की, माणसाला जिथे-तिथे मोडलेले पाय दिसू लागतात.

नियमाला डोळे नसतात हेही तितकेच खरे. अमेरिकेतील नाइट कॅपिटल या मोठ्या दलाली पेढीच्या संगणकात १ ऑगस्ट २०१२ रोजी नवी आज्ञावली घालताना चूक झाली. यंत्र सांगितल्याबरहुकूम धडाधड व्यवहार करत राहिले आणि सुमारे पाऊण तासात पेढीचे ४४ कोटी डॉलर गेले. माझ्या लहानशा पद्धतीतही असे प्रसंग येतात. कंपनी आपल्या एका समभागाचे दोन करते, तेव्हा भाव एका रात्रीत निम्मा दिसतो. आकडे दुरुस्त केलेले नसतील तर आंधळा नियम ‘विक’ म्हणतो. तिथे माणसाने पाहायलाच हवे.

म्हणून आता माझ्या नियमांच्या पानामागे ‘मोडलेले पाय’ लिहिलेले आहेत. ते तीनच आहेत. आकडे चुकीचे असल्याचा पुरावा असेल, तर आकडे दुरुस्त होईपर्यंत व्यवहार नाही. कंपनीच्या हिशेबांवर शंका आली, लेखापरीक्षकाने मधूनच राजीनामा दिला, तर भावाची वाट न पाहता बाहेर. आणि घरात आजारपण किंवा मृत्यू असेल, किंवा मोठ्या राजकीय निकालाचा दिवस असेल, तर असलेला माल निम्मा करणे. संकेत आला आणि मन धजत नसेल तर निम्मे घेण्याची मुभा आहे. सोडून देण्याची नाही. नियमाहून अधिक घेण्याची मुभा कुठेही नाही. ३१ मे २०२४ ला, लोकसभेच्या निकालापूर्वी, मी याप्रमाणे माल निम्मा केला. ४ जूनला निफ्टी सुमारे ६ टक्के पडला, आणि त्याच आठवड्यात पुन्हा वरही आला. निम्मे करून मी काही मिळवले नाही, उलट थोडे गमावले. पण ४ जूनच्या दुपारी मी शांतपणे दुकानांचे हिशेब लिहीत बसलो होतो. त्या शांततेची किंमत मी जाणून मोजली.

विवेकाची खरी जागा मला आता कळली आहे. ती सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन या वेळेत नाही. ती रविवारी सकाळी आहे. बाजार बंद असतो, भाव हलत नाहीत, तेव्हा नियम तपासावा, चुकत असेल तर बदलावा, आणि बदल सोमवारपासून लागू करावा.

हे सारे शिकायला मला इतकी वर्षे लागली याचे नवल वाटते, कारण त्याची पहिली वही मी आपल्या वसतिगृहात पाहिली होती. घरून आलेले खाऊचे पैसे अधीक्षक सरांकडे जमा असत. पैसे मागताना तारीख, रक्कम आणि ‘कारण’ असे तीन रकाने आपल्याच हाताने भरावे लागत. रक्कम हातात पडण्याआधी कारण लिहावे लागे, हे त्यातले मर्म होते. कितीतरी वेळा पेन हातात घेऊन ‘कारण’पाशी मी थांबलो आहे आणि पैसे न घेताच परतलो आहे. आज माझ्या व्यवहाराच्या वहीतही तो रकाना आहे, आणि तो व्यवहाराआधीच भरायचा असतो. पहाटे सभागृहात आपण वीस मिनिटे स्थिर बसत होतो. गालावर डास बसे, हात उचलावासा वाटे. न उचलता नुसते पाहत राहिले की ती ऊर्मी वाढते, शिगेला पोचते आणि आपोआप ओसरते. बाजारात मला दुसरे कोणतेही कौशल्य इतके उपयोगी पडलेले नाही.

आपल्या एका सरांनी मला विचारले होते, “हा जुगार नव्हे का? सम्यक आजीविकेत हे बसते का?” याचे समाधानकारक उत्तर मजजवळ अजून नाही. मी धान्य पिकवत नाही, रुग्ण बरे करत नाही. घेणाऱ्याला विकणारा आणि विकणाऱ्याला घेणारा मिळावा, एवढीच काय ती माझ्या कामाची उपयुक्तता. मी उधारीवर व्यवहार करत नाही, दुसऱ्याचे पैसे घेत नाही, कोणाला टीप देत नाही. एवढ्याने आजीविका सम्यक ठरते की केवळ कमी असम्यक, हे मी सांगू शकत नाही.

एक विचार मात्र मनात सतत येतो. बाबासाहेब अर्थशास्त्राचे पंडित होते हे आपल्याला ठाऊक असते. परंतु १९१७ मध्ये परदेशातून परतल्यावर, सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होण्यापूर्वी, त्यांनी मुंबईत समभाग व रोख्यांविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर येणारे लोक थांबले आणि तो व्यवसाय बंद पडला. सल्ला तोच, ज्ञान तेच. समोरच्याची मर्जी फिरली. आज पडद्यावर मी मागणी नोंदवतो तेव्हा समोर कोण आहे हे मला कळत नाही आणि मी कोण हे त्याला कळत नाही. ज्याचा भाव चांगला त्याचा क्रम आधी. भाव सारखा असेल तर ज्याने आधी नोंदवले त्याचा. एवढाच नियम. दुसऱ्यांच्या मर्जीने आपल्या वाडवडिलांचे काय केले ते आपण जाणतो. लिखित नियमाचे मोल आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. माझी चूक एवढीच झाली की, मर्जी केवळ दुसऱ्याचीच घातक असते असे मी धरून चाललो. स्वतःच्या मर्जीपासूनही माणसाला नियमाचे संरक्षण लागते.

त्या रात्री मी आपल्या शिक्षक बंधूला टीप दिली नाही. २०१८ ची सारी हकीगत सांगितली. ३१०, २७५, २४०, ११८ हे आकडे सांगितले. मुद्दल बाजारातूनच काढायचे हा विचारच पुढच्या तोट्याचे मूळ आहे, असे सांगितले. ऑप्शनचे खाते बंद कर, घरी सांग, पगारातून हप्ते फेड, आणि हप्त्यांचा तक्ता मला दाखव. पुढच्या रविवारी मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या पत्नीसमोर आम्ही दोघांनी बसून पाच वर्षांचा तक्ता केला. ती एकदाच माझ्याकडे पाहून म्हणाली, “दादा, हे तुम्ही तेव्हा भाषणात का नाही सांगितलं?” मी क्षमा मागितली.

बाबांचे चार लाख मी हप्त्याहप्त्याने परत केले. शेवटचा हप्ता २०२३ मध्ये दिला. त्यातला मोठा वाटा बाजाराचा नव्हता, दुकानांच्या हिशेबांचा होता, हेही येथे नमूद करतो. बाबांनी पैसे मोजले नाहीत. म्हणाले, “वही चालू ठेव.”

ती चालू आहे. डावा आणि उजवा रकाना अजून जुळत नाहीत. अंतर मात्र दर वर्षी कमी होत आहे. आपल्या शाळेतील जी मुले उद्या या व्यवसायाकडे वळू पाहतील, त्यांनी मला जरूर भेटावे. टीप मिळणार नाही. वही पाहायला मिळेल, २०१८ च्या पानासह.